छोट्या गाडीला शोभेल असा एक्झॉस्ट: तुमचे अनुभव सांगा

मंडळी, माझ्याकडे २०१२ ची स्विफ्ट आहे, १.२ पेट्रोल, के-सीरीज इंजिन. मागचा मफलर, म्हणजे धुराच्या नळीवरचा आवाज दाबणारा डबा, आतून गंजलाय, हाताने हलवला की खडखडतो. म्हणजे बदलायचा आहेच. मग कंपनीचाच नवा आणावा की जरा मोकळ्या आवाजाचा बसवावा, हे ठरवण्यासाठी ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांचे अनुभव हवे आहेत.

मला काय हवंय ते सांगतो. पहाटे सोसायटीतून निघताना कुणाची झोप मोडता कामा नये. पण ताम्हिणी चढताना तिसऱ्या गिअरला काटा ४,००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पुढे गेला की इंजिन ऐकू यावं. या इंजिनाला वरच्या आरपीएमला फार सुंदर सूर आहे, कंपनीच्या मफलरमध्ये तो पार दबतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा) आणि मधला रेझोनेटर (आवाज गाळणारा छोटा डबा) यांना हात लावणार नाही. आपल्या शौकाचा विषारी धूर मागच्या रिक्षातल्या माणसाने का घ्यायचा? शिवाय आवाजाची आणि धुराची मर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स बाद. तेव्हा पुंगळी (मफलरऐवजी नुसती पोकळ नळी) लावायचे सल्ले कृपया नकोत. पाइपचा व्यास, धातू, हायवेवरचं घुमणं, टिप (नळीचं बाहेर दिसणारं टोक), यावर बोला.

खाडीकाठ

दापोलीहून लिहितोय. आमच्याकडे आवाजाआधी गंजाचा विचार करावा लागतो. माइल्ड स्टीलच्या मफलरला वरून कितीही सिल्व्हर रंग मारा, खाऱ्या हवेत वेल्डिंगच्या सांध्यावर तो पहिला फुटतो. कंपन्या सहसा ४०९ ग्रेडचं स्टेनलेस वापरतात. त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास, निकेल नाहीच म्हणा ना. त्यावर तपकिरी थर येतो, पण पाइप टिकतो. ३०४ मध्ये क्रोमियम १८ टक्के आणि निकेल ८. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ३०४ च घ्यावं.

दुकानात चुंबक घेऊन जा. ४०९ ला चिकटतं, ३०४ ला चिकटत नाही. मात्र पाइप वाकवला की त्या वाकावर ३०४ लाही थोडं लागतं, त्यामुळे सरळ भागावर लावून बघा आणि दुकानदाराशी उगाच भांडू नका.

तुमचा मफलर आतून का गंजला असेल तेही सांगतो. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. गाडी रोज बाजारापुरती चालली तर मफलर पुरता तापत नाही, वाफ आतच थंड होऊन साचते. बऱ्याच मूळ मफलरना म्हणूनच तळाला बारीक भोक असतं. नवा बनवून घेणार असाल तर ते पाडून घ्या. आणि वेल्डिंग आर्गॉनचंच.

जुना चाचणीवाला

माझी बरीच नोकरी गाड्यांचे आवाज मोजण्यात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कंपनीची गाडी बाजारात येण्याआधी तिची धावती चाचणी होते. २० मीटरच्या पट्ट्यात गाडी ताशी ५० किलोमीटरने शिरते, तिथे पॅडल पूर्ण दाबायचं, आणि मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना साडेसात मीटरवर मायक्रोफोन असतात. ही चाचणी घरी करण्यासारखी नाही. उभ्या गाडीची मात्र करता येते. मायक्रोफोन एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्धा मीटर दूर, ४५ अंश बाजूला, तोंडाच्याच उंचीवर. इंजिन ज्या आरपीएमला सर्वाधिक पॉवर देतं त्याच्या पाऊणपट आरपीएमवर स्थिर धरायचं आणि मग सोडायचं. तुमच्या स्विफ्टची सर्वाधिक पॉवर ६,००० ला, म्हणजे ४,५०० वर मोजा. मोकळ्या मैदानात, भिंतीपासून लांब.

फोनवरच्या ॲपचा आकडा अचूक नसतो. पण त्याच फोनने, त्याच जागी दोन मफलरची तुलना करायला तो पुरतो. ३ डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट, आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. माझं मत विचाराल तर मूळ मफलरपेक्षा ३ च्या पुढे जाऊ नका. तेवढ्यातही आवाजाचा पोत पुष्कळ बदलतो. तुम्हाला हवा आहे तो पोतच, मोठेपणा नव्हे.

कसारा नेहमीचा

धागा अगदी वेळेवर आला. मी नाशिक-मुंबई सतत जाते. चार सिलिंडरची हॅचबॅक सेकंडहँड घेतली, तिला आधीच्या मालकाने सरळ आरपार जाळीच्या नळीचा, ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरलेला मफलर बसवून घेतलेला होता. गावात आवाज छान, अगदी सुरेल. पण हायवेला पाचव्या गिअरमध्ये तीन हजाराच्या आसपास काटा स्थिरावला की गाडीत असा घुमारा भरायचा की मागे बसलेली लेक कानावर हात ठेवायची. इगतपुरीपर्यंत माझंही डोकं ठणकायला लागायचं. बाहेर उभं राहून ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही, म्हणून दुकानासमोर रेस मारून मफलर निवडू नका.

नवरा इंजिनिअर आहे, त्याने गणित मांडलं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट. ३,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेरे, १०० स्फोट. त्या १०० हर्ट्झला केबिनची हवा आणि पत्रे साथ देतात. यावर उपाय म्हणजे मुख्य पाइपला एक बंद तोंडाची फांदी जोडायची, आकाराने इंग्रजी जे अक्षरासारखी. ध्वनिलहर त्या फांदीत जाऊन टोकावरून परत येते. फांदीची लांबी लहरीच्या पाव भागाइतकी असली की परतणारी लहर मूळ लहरीच्या बरोबर उलटी पडते आणि दोघी एकमेकींना मारतात. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ४०० ते ४५० मीटर धरला तर लांबी एक मीटर ते सव्वा मीटरच्या आत येते. आमच्या फॅब्रिकेटरने आधी सरकवता येणारं टोक लावलं, हायवेवर फिरवून लांबी जुळवली आणि मग पक्कं वेल्डिंग केलं. घुमारा जवळजवळ गेला. वरच्या आरपीएमचा सूर तसाच राहिला, कारण ही फांदी ठरावीक पट्टीच गिळते.

बुडाखाली एवढी लांब नळी बसायला जागा हवी आणि स्पीडब्रेकरला घासता कामा नये, हे आधी पाहून घ्या.

श्टुटगार्टकर

इकडे माझ्याकडे आबार्थ ५९५ कॉम्पेटिझिओने आहे, १.४ टर्बो. छोट्या गाडीच्या एक्झॉस्टबद्दल बोलताना आबार्थ टाळून चालणारच नाही. कार्लो आबार्थ यांनी १९४९ मध्ये कंपनी काढली आणि ती घराघरांत पोचली ती मुख्यतः छोट्या फियाट गाड्यांना बसवायच्या मफलरमुळे. काळा खरबरीत रंग, चकचकीत टोकं. माझ्या गाडीला कारखान्यातूनच रेकॉर्ड मोंझा येतो. त्यात झडप आहे. हलक्या पायाने चालवलं की वायू लांबच्या वाटेने, गाळून जातो, दाब वाढला की झडप उघडते. सकाळी शांत, घाटात मोकळा, हे धागाकर्त्याचं स्वप्न मी रोज चालवतो.

जर्मनीतली एक गोष्ट मला मनापासून आवडते. गाडीच्या कागदावर यू.१ या रकान्यात उभ्या गाडीचा आवाज, यू.२ मध्ये तो कुठल्या आरपीएमला मोजला, आणि यू.३ मध्ये धावत्या गाडीचा आवाज छापलेला असतो. पोलिसाने थांबवलं तर मोजून कागदाशी ताडतो. मफलर बदलायचा तर त्यावर मंजुरीची खूण हवी, नाहीतर तपासणी करून नोंद करून घ्यायची. वाद राहतच नाही. आपल्याकडे आरसी बुकात असा एक आकडा आला तर शौकीन आणि शेजारी दोघांचं भलं होईल.

रात्रपाळी

मी नर्स आहे, सकाळी आठला झोपते. माझ्यासारखे लोक प्रत्येक इमारतीत असतात. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. धागाकर्त्याने शेजाऱ्यांचा विचार पहिल्याच परिच्छेदांत केला हे वाचून बरं वाटलं. एक सांगते. थंड इंजिन सुरू झालं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून आरपीएम आपोआप वर राहतो. म्हणजे गाडी सगळ्यात मोठ्याने बोलते ती नेमकी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि बेसमेंट असेल तर ते आणखी घुमतं. मफलर पसंत करताना थंड गाडी सुरू करून ऐका. आणि सुरू केल्यावर तिथेच गरम करत बसू नका, अर्ध्या मिनिटात हळू निघा.

टियागोवाली

तीन सिलिंडरवाल्यांनी वरचं गणित जसंच्या तसं घेऊ नका. दर फेऱ्याला दीड स्फोट, म्हणजे ३,००० ला ७५ हर्ट्झ. घुमारा जास्त खोल आणि फांदी आणखी लांब. मी मूळ मफलर ठेवला आणि आनंदात आहे. तीन सिलिंडरमध्ये आवाजच हवा असेल तर आय२० एन लाइन चालवून बघा, तिचा एक्झॉस्ट कंपनीनेच जुळवून दिलाय.

घाटवाट

छोटं डिझेल असेल तर पैसे वाचवा. टर्बो आणि डिझेल मिळून सूर उरतच नाही.

पेट्रोल १.२ ला दोन इंची पाइप भरपूर झाला. त्याहून जाड घातला की वायूचा वेग पडतो आणि गर्दीत, कमी आरपीएमला गाडी ढिली वाटते. नुसता मागचा मफलर बदलून पॉवर वाढते असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या, टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनात जाणवण्याइतकं काही मिळत नाही. वाक मँड्रेलवर (नळीच्या आत आधार घालून) काढलेले हवेत, चेपलेले नकोत. टिप एकच, बंपरच्या कडेबरोबर, आणि प्लास्टिकपासून दोन बोटं अंतर. बंपरच्या आत संपणारा पाइप अजिबात नको, धूर डिकीच्या रबरातून आत येतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: ३०४ चा दोन इंची, आत कप्पे असलेला मफलर, मधला रेझोनेटर मूळचा, साधी गोल टिप. जे-फांदीसाठी जागा राखून ठेवायला सांगतो. काढण्याआधी जुन्या मफलरचं ४,५०० वरचं माप घेऊन ठेवतो.

जुना चाचणीवाला

जुन्याचं माप घेऊ नका, तो आतून फुटलाय, आधीच जास्त आकडा देईल आणि नवा उगाच शांत वाटेल. ओळखीत कुणाची त्याच इंजिनाची धडधाकट स्विफ्ट असेल तर ती मोजा. मफलर पुरता तापल्यावर, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून. कप्प्यांबरोबर ग्लासवूलही भरणार असतील तर पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. ते जळत, उडत जातं तसा आवाज हळूहळू चढतो आणि रोज चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. म्हणून मफलरचं झाकण बोल्टचं करून घ्या, पॅकिंग बदलता येतं.