व्हिक्सबर्गचा वेढा : खंदकातला शिपाई

वेढ्यातल्या शिपायाला खरी भीती तोफगोळ्यांचीच असे, हे मत अमेरिकन यादवी युद्धातल्या, १८६३ च्या व्हिक्सबर्गपुरते (मिसिसिपी नदीकाठचे दक्षिणेच्या ताब्यातले शहर) मला अपुरे वाटते. २२ मेचा हल्ला फसल्यावर उत्तरेचा सेनापती ग्रँटने चर खणत पुढे सरकण्याचा मार्ग धरला, आणि शहर राखणारा दक्षिणेचा सेनापती पेंबर्टन याच्या शिपायांना, त्यांची पाळी घ्यायला पुरेशी माणसेच नसल्यामुळे, आठवडेच्या आठवडे उन्हापावसात खंदकातच काढावे लागले. बांधावर डोके दिसले की समोरचा नेमबाज ते टिपत असे.

त्याहून चिवट शत्रू भूक होती. धान्य आटल्यावर चवळीचे पीठ मक्याच्या पिठात मिसळून भाकरी भाजत, आणि ती बाहेरून दगडासारखी, आतून कच्चीच राही. चवळीची उसळ आवडीने खाणाऱ्या आपल्यासारख्यांच्याही ती घशाखाली उतरली नसती. शेवटी खेचराचे मांसही आले.

गंमत म्हणजे रात्री दोन्ही बाजूंचे हेच शिपाई कॉफी-तंबाखूची अदलाबदल करत, गप्पाही मारत. २५ जूनला मात्र पेंबर्टनच्या लुइझियाना पलटणीच्या बुरुजाखाली ग्रँटच्या सैन्याचा सुरुंग उडाला. ४ जुलैला पेंबर्टनच्या सुमारे २९,५०० जणांनी शस्त्रे ठेवली, तेव्हा त्यांतले हजारो आजाराने अंथरुणाला खिळलेले होते.