छोटं सरकार हवं म्हणणारेच लोकांच्या घरात का घुसतात?

तिसरा_डोळा:
अमेरिकेचं राजकारण मी काही रोज फॉलो करत नाही पण एक गोष्ट कायम डोक्यात जाते. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन १९८१ ला शपथविधीच्या भाषणात म्हणाले की सध्याच्या संकटात सरकार हा उपाय नाही, सरकार हाच प्रॉब्लेम आहे. तेव्हापासून रिपब्लिकन मंडळींचं हेच पालुपद, टॅक्स कमी करा, नियम कमी करा, सरकारने मधे मधे करू नये. बरं, मान्य. मग कोण कोणाबरोबर झोपतं, कुठल्या बाईने मूल ठेवायचं, इंटरनेटवर कोण काय बघतं यात हेच लोक नाक का खुपसतात? छोटं म्हणजे नक्की किती छोटं? खरंच विचारतोय, टोमणा नाही (थोडासा आहे).

चहाटळ:
रेगनचंच घ्या की. सप्टेंबर १९८६ ला त्यांनीच ऑर्डर काढली, संवेदनशील पदांवरच्या फेडरल (म्हणजे केंद्र सरकारच्या) कर्मचाऱ्यांची ड्रग टेस्ट करायची. म्हणजे बाटलीत लघवी करून द्या, तुमच्यावर कसलाही संशय नसला तरी. २०११ ला फ्लोरिडात गरीब कुटुंबांसाठीची रोख मदत मागायला येणाऱ्यांना हेच लावलं, वर टेस्टचे पैसे आधी अर्जदारानेच भरायचे, निगेटिव्ह आली तर परत मिळणार. चार हजारांवर लोक तपासले, पॉझिटिव्ह किती, तर १०८. शेवटी कोर्टाने कायदा उडवला ते सोडा. सरकारचे पैसे कंपन्या पण घेतातच ना, सबसिडी, कंत्राटं, त्यांच्या डायरेक्टरच्या हातात बाटली दिलेली ऐकलीय कधी? ज्याला चांगला वकील परवडतो त्याच्यापुरतं सरकार छोटं, बाकी काही नाही.

उलटतपासणी:
जरा दमानं घ्या. त्यांचं म्हणणं सरकारच नको असं नाहीये, वॉशिंग्टनने ठरवू नये, राज्यांनी ठरवावं असं आहे. २०२२ चा सुप्रीम कोर्टाचा गर्भपाताचा निकाल तेच सांगतो, राज्यांनी ठरवावं, पटो न पटो. आणि पाळत ही काय एका पक्षाची मक्तेदारी आहे का, २०१३ ला स्नोडेनने सरकार लोकांचे फोन रेकॉर्ड गोळा करतं हे बिंग फोडलं तेव्हा डेमोक्रॅट ओबामा राष्ट्राध्यक्ष होते. क्लिंटननी, तेही डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षच, ९६ च्या जानेवारीत मोठ्या सरकारचं युग संपलं म्हणून जाहीर केलं आणि सप्टेंबरात लग्न म्हणजे फक्त स्त्री-पुरुषाचं या कायद्यावर सही ठोकली. आपला तो बाब्या करू नका राव.

खिडकीतून:
राज्यांनी ठरवावं?? टेरी शायव्हो आठवा. फ्लोरिडातली बाई, १९९० पासून शुद्ध हरपलेली, नवरा म्हणतो तिला असं जगायचं नव्हतं, आईवडील म्हणतात पोटात अन्न देणारी नळी काढू नका. राज्याच्या कोर्टांनी वर्षानुवर्षं ऐकून नवऱ्याच्या बाजूने निकाल दिला. झालं की ठरवून! पण मार्च २००५ ला नळी काढल्यावर काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) या एका पेशंटसाठी खास कायदा केला, सिनेटमध्ये तेव्हा हजर किती तर तीन जण, आणि राष्ट्राध्यक्ष बुश टेक्सासची सुट्टी सोडून विमानाने आले आणि रात्री एक वाजून गेल्यावर सही केली. एका बाईच्या पोटातल्या नळीसाठी. त्यानंतर फेडरल कोर्टांनी पण नाहीच म्हटलं, ३१ मार्चला ती गेली.

आणि टेक्सासचा २०२१ चा कायदा बघा, साधारण सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपाताला मदत करणाऱ्यावर कोणीही ऐरागैरा केस टाकू शकतो, जिंकला तर किमान १०,००० डॉलर. सरकार छोटंच राहिलं, पाळतीचं काम शेजाऱ्यापाजाऱ्यांना आउटसोर्स केलं :)

उलटतपासणी:
शायव्होचं मान्य, ते मला पण तेव्हा झेपलं नव्हतं. पण शब्दाला जागणारे पण होते, गोल्डवॉटर, ६४ चे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. म्हातारपणी उघड सांगायचे की सैनिक गे असला तर काय बिघडलं, पक्षातल्या धर्मगुरूंवर तर जाम भडकायचे.

तिसरा_डोळा:
हे ६४ ला सहाच राज्यं जिंकले तेच ना?

चहाटळ:
तेच. एक त्यांचं स्वतःचं ॲरिझोना, बाकी पाच दक्षिणेतली, आणि ती का मिळाली तर वंशभेदाला बंदी घालणाऱ्या सिव्हिल राइट्स कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं म्हणून. पण त्यावर वेगळा धागा काढा, इथे नको.