मदत हवी आहे: मॅकबेथ नेमका कशाला कचरतो?

एमएच्या पेपरसाठी शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' नाटक वाचतेय आणि पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशावर गाडी अडलीय. मॅकबेथ ज्याचा खून करायला निघालाय तो डंकन त्याचा नातलग, राजा, वर घरी आलेला पाहुणा. शिवाय माणूस सालस. मारायला कारण एकच, महत्त्वाकांक्षा, हे मॅकबेथ स्वतःच कबूल करतो. विषय इथेच थांबवू, असंही बायकोला सांगतो. मग तिने मर्दानगी काढली की लगेच तयार! मला हे पटतच नाही. त्याला भीती पापाची की पकडलं जाण्याची? 'फसलो तर?' हेही तोच विचारतो ना. आणि ती एवढी कठोर, तरी झोपलेला डंकन वडिलांसारखा दिसला म्हणून तिचा हात उचलला नाही! शिरवाडकरांचं 'राजमुकुट' (याच नाटकाचं मराठी रूपांतर) कुणी वाचलंय का? त्यात हा प्रवेश कसा उतरलाय?