एन्त्सेन्सबर्गर यांचं कविता-यंत्र मराठीत कसं करायचं?

प्रश्न: सोलापुरात आमच्या वाचक मंडळाचा जर्मन लेखक हान्स माग्नुस एन्त्सेन्सबर्गर (१९२९–२०२२) यांच्यावर तासाभराचा कार्यक्रम आहे. कवी, निबंधकार, संपादक, वर मुलांसाठी गणिताचं पुस्तक! एका तासात काय घ्यावं? त्यांचं कविता जुळवणारं यंत्र पुठ्ठ्यावर दाखवता येईल का? मराठीत वाक्यं मोडतात.

उत्तर १: जंत्री वाचू नका. १९५५ला जर्मन कवी ब्रेन्टानोच्या काव्यावर डॉक्टरेट, मग श्टुटगार्ट रेडिओवर नोकरी. माध्यमांवरचे त्यांचे निबंध म्हणूनच आतून पाहिलेल्या माणसाचे वाटतात. १९५७ला पहिला संग्रह, १९६३ला ब्युशनर हा जर्मन साहित्य पुरस्कार, १९६५ला 'कुर्सबुख' (म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक) हे नियतकालिक. १९६८ला अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठाची फेलोशिप जाहीर पत्र लिहून सोडली आणि क्युबा गाठलं. तिथं मोहभंग झाला, त्याचा हिशेब १९७८च्या टायटॅनिकवरच्या ३३ सर्गांच्या काव्यात आहे. वेळ कमी पडला तर बाकी गाळा, हे काव्य गाळू नका.

उत्तर २: यंत्राची कल्पना १९७४ची, उभं राहिलं २००० साली जर्मनीतल्या लांड्सबर्गला. स्टेशनवरच्या जुन्या फडफडत्या पाट्यांवर सहा ओळींची कविता उमटते. ओळीत सहा जागा, प्रत्येकीला दहा पर्याय. एकूण शक्यता १ वर ३६ शून्यं.

तुम्ही एकच ओळ करा, तिच्याच १० लाख होतात. ५ सेंमी रुंद, ४० सेंमी लांब अशा सहा पट्ट्या, ४ सेंमीचा एकेक खाना. पुठ्ठ्यातली खिडकी साडेतीन सेंमीच उंच ठेवा, नाहीतर शेजारचा शब्द डोकावतो. वर-खाली चिरा पाडून पट्टी ओवा.

मोडतं ते लिंगामुळे. 'जुनी चादर विरते' मध्ये 'धागा' आला की 'जुनी धागा विरते'. म्हणून विशेषणं न बदलणारी घ्या (लाल, उदास, कडक) आणि क्रियापद अकर्मक, भविष्यकाळी: 'विरेल', 'थांबेल' तिन्ही लिंगांना चालतं. नामं मात्र सगळी एकवचनी. 'माग' एका पट्टीवर आणि 'वर' दुसरीवर, असं करू नका. 'मागावर' आख्खा एका खान्यात. क्रम असा: कधी, कुठे, विशेषण, नाम, कसं, क्रियापद. 'पहाटे मागावर लाल धागा हळूहळू विरेल.'

प्रश्नकर्ता: भविष्यकाळाचं सुचलंच नव्हतं! शब्द निवडायचे कसे?

उत्तर ३: ० ते ९ चिठ्ठ्या पिशवीत, सहा वेळा काढा; आलेला अंक म्हणजे त्या पट्टीवरचा खाना. चिठ्ठी दर वेळी परत टाका. न टाकल्यास अंक पुन्हा येत नाही आणि १० लाखांच्या १,५१,२०० ओळीच उरतात. चादरीच्या जेकार्डची (नक्षी विणणाऱ्या मागाची) भोकांची कार्डं पाहिलेल्यांना फरकही दाखवा: तिथं कार्डांची माळ नक्षी आधीच ठरवते, इथं प्रत्येक ओळ काढेपर्यंत कुणालाच ठाऊक नसते.