शब्दचर्चा: ‘सेटलमेंट पॅटर्न’ला वसाहत, वस्ती की पांढरी?

खाडीकाठ (ठाणे): पुरातत्त्वावरचा एक लेख मराठीत आणतोय. प्राचीन गावं कुठं वसली असतील याचं मॉडेल करताना पाणी, उतार, मातीचा कस सगळं मोजतात. नातीगोती, मानपान, भाऊबंदकी मात्र निसटते, असा त्याचा रोख. अडलोय ‘सेटलमेंट’पाशी. ‘वसाहत’ लिहिलं तर मित्र म्हणतो, इंग्रजांची का वागळे इस्टेटसारखी कारखान्यांची? ‘वस्ती’ म्हटलं की झोपडपट्टी डोळ्यांपुढं येते. काय करू?

पेन्सिल: ‘वसाहत’ रुळलाय, तोच ठेवा. ‘मॉडेल’ तेवढं काढा. ‘प्रारूप’ हा चांगला शब्द असताना?

ऐरोलीकर: प्रारूप म्हणजे विकास योजनेवर हरकती मागवल्याची नोटीस! मॉडेलच बरं.

घोडकाठ (मूळ शिरूर, हल्ली कोपरखैरणे): वस्ती म्हणजे झोपडपट्टी हे तुमचे शहरी कान. आमच्याकडं शेतात घर बांधून राहिलं की ती वस्ती. गावाची जागा ती पांढरी, पिकाची ती काळी. राख, शेण, पडक्या भिंती साचून माती पांढुरकी होते, म्हणून उत्खनन करणारेसुद्धा पांढरीचं टेकाड हुडकतात. आमच्या तालुक्यातलं इनामगावच घ्या. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात खणलं. जोर्वे संस्कृतीचं, म्हणजे तीनेक हजार वर्षांपूर्वीचं गाव. पाच खोल्यांचं एक घर, शेजारी धान्याचं कोठार. पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांनी ते गावच्या प्रमुखाचं मानलं. कुंभार, सोनार, चुना भाजणारे पश्चिमेच्या कडेला. नदी एकच, माती एकच, मग मध्ये कोण आणि कडेला कोण हे कुणी ठरवलं? जुन्या कागदांत ‘समस्त पांढरी’ म्हणजे गावची माणसं. जागा आणि समाज एकाच शब्दात आले की हो! ‘पांढरी’ वापरा.

मिठागर (घणसोली): आमचे घणसोलीन पांढरी कोन बोलत नाय. गावठाण, आळी, पाडा. देशावरचा शब्द सगळ्या महाराष्ट्राच्या माथी का? इथं काळीबिळी नाही, भातखाचर आणि खाजण.

ऐरोलीकर: गावठाणातलं ‘ठाण’ आणि आपलं ठाणं एकच, बरं का. दोन्ही ‘स्थान’वरून. शिलाहारांच्या काळात श्रीस्थानक.

पेन्सिल: ते शाळेतली पोरंही सांगतील. ‘वसाहत’ अरबी आहे हे किती जणांना ठाऊक आहे?

मिठागर: मघाशी तुम्हीच ठेवा म्हणालात. अरबी कशावरून?

पेन्सिल: कानालाच कळतं.

मिठागर: मग कान ‘वसणे’ ऐकत नाही वाटतं.

खाडीकाठ: मंडळी, ‘पॅटर्न’चं अजून कुणी बोललंच नाही. आकृतिबंध चालेल?

पेन्सिल: तो कविता-कादंबरीचा असतो.

घोडकाठ: ‘वस्ती’वरून आठवलं, रात्री गावात थांबणाऱ्या एसटीला आम्ही वस्तीची गाडी म्हणतो.

ऐरोलीकर: मुक्कामी गाडी म्हणतात तिला.

घोडकाठ: मुक्काम पाहुण्यांचा. गाडी वस्तीलाच असते, कुठल्याही कंडक्टरला विचारा.

पेन्सिल: ‘वाहक’ म्हणा.