मदत हवी आहे: हंटिंग्टनच्या रुग्णाला ठसका लागतो, वजन उतरतंय (नागपूर)

मनीषनगरची_ताई: मिस्टरांना हंटिंग्टन आहे (मेंदूचा आनुवंशिक आजार, अंगाच्या आपोआप हालचाली होत राहतात). वय ४६, सीएजी ४४ (जनुक तपासणीत आलेला आकडा). वजन ५८ वरून ५१ वर आलंय, चहा-पाण्याचा ठसका लागतो. हालचाली कमी करणारी टेट्राबेनाझिन गोळी सुरू आहे. जेवण कसं द्यावं? सासरचे म्हणतात दोन्ही मुलांचं (मुलगी २१, मुलगा १५) रक्त तपासून टाका, तपासावं का? आणि अपंगत्वाच्या कार्डात हा आजार बसतो का?

घास_घास: ताई, आधी पातळ पदार्थ सांभाळा. पाणी घशात इतक्या झपाट्याने उतरतं की श्वासनलिका वेळेत झाकली जात नाही. केमिस्टकडे थिकनर पावडर मिळते; डब्यावरच्या मापाने घाला आणि घट्ट होईपर्यंत थांबा. घरचं म्हणाल तर ज्वारीची आंबील, घट्ट लस्सी, घोटलेलं दाट वरण.

खरी गफलत होते ती तर्री-पोह्यात. तर्री आधीच घशात उतरते, पोहे तोंडात घोळत राहतात. संत्र्याच्या फोडीचंही तेच. फुटाणे, चिवडा, दाण्याचं कोरडं कूट बंद. कूट लोण्यासारखं वाटून दह्यात कालवा.

ताठ बसवून चहाच्या चमच्याने भरवा, टीव्ही बंद, घास तोंडात असताना त्यांना बोलायला लावू नका. या आजारात घाईघाईने तोंड भरायची ओढ असते, म्हणून ताटात थोडंच वाढा. शेवटी गालात काही उरलंय का बघा आणि अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल किंवा सारखा ताप येत असेल तर अन्न फुप्फुसात जात असण्याची शंका घ्या. स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्याच.

सततच्या हालचालीने कॅलरी जळतात; दिवसाला ३,००० च्या वरही लागू शकतात. तीन जेवणांऐवजी सहा वेळा द्या. एक मोठा चमचा तूप म्हणजे साधारण १२० कॅलरी, ते वरणात सहज खपतं.

मेंदूची_ओपीडी: टेट्राबेनाझिनने गुंगी येते, गिळणं बिघडू शकतं आणि नैराश्यही येतं. ठसका डोस वाढवल्यानंतर सुरू झाला का, ते न्यूरॉलॉजिस्टना तारखेसकट सांगा. परस्पर बंद करू नका. जीव द्यायची भाषा आली तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

मुलांचं: प्रत्येकाला धोका ५० टक्के. लक्षणं नसताना १८ च्या आतल्यांची तपासणी करत नाहीत, त्यामुळे धाकट्याचा विषयच नाही. मुलीचा निर्णय तिचा, तोही जनुकीय समुपदेशनानंतर. सीएजीचा आकडा ४० किंवा जास्त आला तर आजार होणार, पण कधी ते आकडा नेमकं सांगत नाही. आणि कळलेलं परत नकळतं करता येत नाही, हे सासरच्यांना स्पष्ट सांगा.

कागदपत्रं_वाला: बसतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात 'जुनाट मज्जासंस्थेचे आजार' आहेत. अपंगत्व कार्डासाठी स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. अपंगत्व ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर माणूस दोन मिनिटं नीट चालला की टक्केवारी घसरते, म्हणून बटण, आंघोळ, जेवण, पडणं यांत काय जमत नाही ते न्यूरॉलॉजिस्टच्या पत्रात लिहून घ्या. ४० टक्क्यांपासून पुढे लाभ. आयकरात अपंग आश्रितासाठीची वजावट (जुन्या कायद्यातलं कलम ८०डीडी) फक्त जुन्या करपद्धतीत: ७५,००० रुपये, ८० टक्के किंवा जास्त अपंगत्वाला १,२५,०००.

मनीषनगरची_ताई: आभारी आहे. गोळ्या कुटून दह्यातून दिल्या तर चालतील?

मेंदूची_ओपीडी: प्रत्येक गोळी वेगळी विचारा. सावकाश विरघळणारी गोळी कुटली की पूर्ण डोस एकदम अंगात जातो. चिठ्ठी केमिस्टला दाखवा, चालणाऱ्यांवर खूण करून घ्या.