प्रभुभोजनाआधीचं आत्मपरीक्षण नेमकं कसं करायचं?

दिवटी

जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (येशूच्या आठवणीने भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) असतं. पाळकसाहेब करिंथकरांस पहिल्या पत्राचा ११वा अध्याय वाचतात, "आपापली परीक्षा करा" म्हणतात आणि दोनेक मिनिटं शांतता असते. तेवढ्यात एक तर काहीच आठवत नाही, नाहीतर दर महिन्याची तीच यादी: राग आला, प्रार्थना चुकली, पवित्र शास्त्र वाचलं नाही. त्यातलं मनाला काही लागत नाही. अयोग्य रीतीने घेतलं तर दोषी ठरू, असं त्याच अध्यायात आहे; त्या भीतीने काही जण तर भाकरी न घेताच बसून राहतात. ही परीक्षा घरी प्रामाणिकपणे करायची तर सुरुवात कुठून करावी, वेळ किती द्यावा, आणि काही सापडलं तर पुढे काय?

बिरुयाचा वाचक

तो अध्याय २८व्या वचनापासून नव्हे, १७व्यापासून वाचा. करिंथात लोक एकत्र जमत, पण जो तो आपलं जेवण आधीच उरकत असे. एक भुकेला राही, दुसरा पिऊन धुंद होई, आणि ज्यांच्याजवळ काही नसे त्यांची मान खाली जाई. हे पत्र लिहिणारा पौल संतापलाय तो यावर. म्हणून प्रभुभोजनाच्या मेजाकडे येण्याआधीचा पहिला प्रश्न "माझी प्रार्थना किती वेळा चुकली" हा नाही, "माझ्यामुळे कोणाची मान खाली गेली" हा आहे. तुमच्या यादीत एकाही माणसाचं नाव नाही. ती मनाला लागत नाही त्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

आणि परीक्षा करून मग खा, असं तिथे सांगितलंय. परीक्षा करून बसून राहा, असं नाही. पापी आहोत म्हणूनच तर त्या मेजाशी जायचं.

शनिवारी रात्री अर्धा तास काढा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. १३९व्या स्तोत्राची शेवटची दोन वचनं प्रार्थना म्हणून म्हणा. स्तोत्रकर्ता दावीद राजा तिथे स्वतःची झडती स्वतः घेत नाही, देवाला घ्यायला सांगतो. यिर्मया १७:९ म्हणतं की हृदय सर्वांत कपटी आहे. मग त्याचा निवाडा त्यालाच करायला सांगून कसं चालेल? ही प्रार्थना वगळली की परीक्षेचं नुसतं आत्मचिंतन होतं, आणि त्यात आपण हमखास सुटतो.

मग आठवड्यातली माणसं एकेक करून डोळ्यांपुढे आणा: घरातली, कामावरची, घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या ताई, मंडळीतला जो नकोसा वाटतो तो. प्रत्येकाशी काय बोललो, पाठीमागे काय बोललो, काय करायला हवं होतं आणि केलं नाही. हे शेवटचं बहुतेकांच्या यादीत येतच नाही, पण याकोब ४:१७ त्यालाही पापच म्हणतं. त्यानंतर पैसा: कोणाचं देणं थकवलं, कुठे खोटी पावती लावली. आणि मग मत्तय ६ हाताशी घेऊन दान, प्रार्थना, उपास यांतलं कोणी पाहत नसतं तर किती केलं असतं, ते स्वतःला विचारा. इथे थोडं थांबा. कृत्यं लवकर सापडतात, हेतू सापडायला वेळ लागतो.

जे सापडेल ते एका वाक्यात लिहा. कर्ता "मी" हवा, आणि "पण" आला की तिथेच पूर्णविराम द्या. १ शमुवेल १५मध्ये देवाची आज्ञा मोडलेला शौल राजाही "मी पाप केलं" म्हणतो. पण लगेच लोकांच्या भीतीचं कारण पुढे करतो आणि वडीलजनांसमोर माझा मान राखा, अशी गळ घालतो. ५१व्या स्तोत्रात दावीद एकही कारण देत नाही.

आणखी एक खूण. या आठवड्यात कोणाच्या चुकीचा प्रमाणाबाहेर राग आला? दाविदाने दुसऱ्याची बायको घेतली, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाची एकुलती मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. ती ऐकून दावीद त्या गोष्टीतल्या माणसाला मरणदंड सुनावून मोकळा झाला होता. अशा रागाखाली पुष्कळदा आपलंच काही झाकलेलं असतं.

वसईकर

कॅथलिक परंपरेतून थोडी भर. महिन्याचा हिशेब एका रात्रीत आठवत नाही, म्हणून रोज पंधरा मिनिटं हवीत. लोयोलाच्या संत इग्नाशियस यांनी 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात (पोप तिसरे पॉल यांची मान्यता १५४८ची) पाच पायऱ्या दिल्या आहेत: देवाचे आभार, पाप ओळखण्यासाठी कृपा मागणं, दिवसाचा तासागणिक आढावा (आधी विचार, मग शब्द, मग कृती), क्षमायाचना, आणि सुधारण्याचा निश्चय. लोक आभाराची पायरी गाळून थेट आढाव्यावर जातात. देवाने आज काय दिलं तेच आठवलं नाही, तर आपण काय नाकारलं हे कळणार कसं?

त्याच पुस्तकात एकाच दोषाचं वेगळं परीक्षणही आहे. सकाळी उठताना निश्चय; दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर तपासणी; दिवसाला दोन रेघा, आणि त्या वेळात जितक्यांदा चूक झाली तितके ठिपके. चूक होताक्षणीच छातीवर हात ठेवायचा, म्हणजे चारचौघांतही कोणाच्या लक्षात येत नाही. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. खिशातली छोटी वही पुरते.

फसतं कुठे? लोक एकदम चार दोष धरतात. किंवा दोष फार मोघम असतो. "राग" नको; "जेवताना मुलांवर ओरडणं" असा नेमका धरा. आणि ठिपके कमी झाल्याचा अभिमान वाटू लागला, तर पुढचा दोष कोणता धरायचा ते कळलंच.

दिवटी

दोघांचेही आभार. दोन गोष्टी राहिल्या. एक, काहींना उलट त्रास असतो: कबूल केलेलं पाप पुन्हा पुन्हा टोचत राहतं. दुसरं, सापडलेलं कोणाला सांगायचं आणि भरपाई कशी करायची?

मार्था

पहिल्यावर लिहिते. खुद्द इग्नाशियस १५२२मध्ये स्पेनमधल्या मानरेसा इथे याच त्रासात होते. कबूल केलेली पापं पुन्हा पुन्हा कबूल करूनही त्यांना चैन पडत नव्हतं. शेवटी जुनी पापं पुन्हा उकरायची नाहीत असं त्यांनी ठरवलं, तेव्हा सुटका झाली. अशा माणसाने परीक्षण वाढवू नये, कमी करावं: दहा मिनिटं, घड्याळ लावून, आणि एक पाप एकदाच. १ योहान १:९ मोठ्याने वाचावं आणि उठावं. आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव मनापेक्षा मोठा आहे, हे त्याच पत्रात ३:२०ला आहे. पवित्र आत्मा दाखवतो ते नेमकं असतं: अमुक माणूस, अमुक शब्द, आणि पुढचं पाऊलही. "तू वाईटच आहेस" एवढंच ऐकू येत असेल तर त्यावर कबुलीजबाब देत बसू नये.

प्रार्थना "नीट झाली नाही" म्हणून पुन्हा पुन्हा करणं, त्यात तासन्‌तास जाणं, झोप उडणं असं होत असेल तर तो मंत्रचळाचा (ओसीडी) आजार असू शकतो. पाळकांबरोबरच मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. त्यावर उपचार आहेत, आणि डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

बिरुयाचा वाचक

भरपाईबद्दल. लेवीय ६ मध्ये मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा सांगितलाय, म्हणजे ५,००० दाबले असतील तर ६,००० परत. येशूला भेटलेल्या जक्कय जकातदाराने तर चौपट देऊ केलं. आपल्यावर मोशेच्या नियमशास्त्राचं बंधन नाही, पण नुसतं "सॉरी" म्हणून पैसे ठेवून घेणं हा पश्चात्ताप नव्हे. माणूस हयात नसेल तर वारसांना द्या.

ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जा, मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पणाच्याही आधी. जे फक्त मनात घडलं (हेवा, वासना) ते त्या माणसाला जाऊन सांगू नका. तुमचं ओझं त्याच्या डोक्यावर जातं. ते देवाला सांगा, आणि गरज वाटली तर एका भरवशाच्या विश्वासणाऱ्याला. कॅथलिक धर्मगुरूंवर पापनिवेदनाच्या (कन्फेशनच्या) गुप्ततेचं बंधन पूर्ण असतं. इतरत्र मात्र सांगण्याआधी "हे तुमच्यापाशीच राहील ना?" असं स्पष्ट विचारून घ्या. प्रार्थनासभेत उभं राहून कबुली देताना दुसऱ्या कोणाचं नाव घेऊ नका.

तुम्ही गेलात आणि समोरच्याने दार लावून घेतलं, तर रोमकरांस १२:१८ पाहा: आपल्याकडून साधेल तितकं. तुमच्याकडून होण्यासारखं झालं असेल, तर त्याच्या नकारासाठी भाकरीपासून दूर राहू नका. पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा त्याच्याकडे जाऊन बघा.